'गिफ्ट' लिहिलं की कस्टम लागत नाही म्हणे!

परत तो मेसेज फिरतोय. "अमेरिकेतल्या नातेवाईकाला सांगा पार्सलवर गिफ्ट लिही, किंमत 20 डॉलर टाक, ड्युटी शून्य, आणि सही पाठवणाऱ्याची असल्यामुळे आपल्याला काही ताप नाही." अहो, असं काही नसतं.

गिफ्टचं आधी बघू. पूर्वी 5000 रुपयांपर्यंतच्या गिफ्टला सूट होती, ती डिसेंबर 2019 मध्येच गेली. आता पोस्टाने किंवा कुरियरने गिफ्ट म्हणून ड्युटी-फ्री येऊ शकतं ते फक्त जीवरक्षक औषध आणि राखी. त्यातही गंमत म्हणजे राखी चालते, राखीसोबतचं गिफ्ट नाही. बाकी गिफ्ट मागवायला कोणी अडवत नाही, पूर्ण ड्युटी भरा आणि घ्या. पोस्टाच्या त्या सीएन 22 लेबलवर (पार्सलमध्ये काय आहे आणि किंमत किती, हे कस्टमला सांगणारी चिठ्ठी) गिफ्टचा चौकोन असतो हे खरं, पण तो फॉर्म जगभर एकच असतो, त्यावर टिक केली म्हणजे भारतातली सूट मिळाली असं थोडंच आहे.

आता 20 डॉलर. माझ्या मावसभावाने मागे बूट पाठवले, कुरियरच्या कागदावर शहाण्याने 20 डॉलर लिहिलं आणि बॉक्सच्या बुडाला 140 चा स्टिकर तसाच! ऑफिसरला लिहिलेली किंमत पटली नाही तर तो बिल मागतो, नाहीतर तशाच मालाच्या भावावरून स्वतः ठरवतो, तसे नियमच आहेत. आमचे 140 धरले, वर कुरियरचं भाडंही मिळवलं (हो, भाडं आणि विमा धरूनच किंमत मोजतात), त्यावर ड्युटी, आणि ड्युटीसकट झालेल्या रकमेवर आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी). शिवाय पार्सल हरवलं असतं तर भरपाई 20 चीच मागता आली असती ना.

सहीचं म्हणाल तर, कुरियरवाले तुमच्याकडून केवायसी का मागतात? बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा कागद, तुमच्या नावाने भरतात म्हणून. आयातदार तुम्ही. खोटी किंमत निघाली तर माल जप्त होऊ शकतो, आणि मुद्दाम खोटे कागद दिले असतील तर कस्टम्स कायद्याच्या 114एए कलमात दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जातो. आमचं नशीब, ड्युटी भरून सुटलो.

बूट एक नंबर लहान निघाले ते वेगळंच.