शिबिराचा हिशेब हात मोजून करू नका

मुलांची उन्हाळी शिबिरं संपली की ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागतात. ओळीत उभी मुलं, एकसारखे टी-शर्ट, मागे बॅनर. आणि फोटोखाली न चुकता एक आकडा: यंदा इतक्या मुलांनी प्रभूला स्वीकारलं. त्याखाली 'आमेन' आणि 'हालेलुया'ची रांग.

तो आकडा वाचला की मला अस्वस्थ व्हायला होतं. माझं बालपण आणि तरुणपण या शिबिरांत गेलंय. आधी शिबिरार्थी, मग गटाची ताई, पुढे आयोजकांच्या बैठकीत वही घेऊन बसणारी. शिबिरांवर माझा फार जीव आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. शिबिरात मुलांना जे खरोखर मिळतं ते या आकड्यात कुठेच दिसत नाही. उलट आकड्यासाठी जे केलं जातं, त्यानं मुलांच्या विश्वासाचं नुकसान होतं.

शेवटची रात्र आठवा. जे गेलेत त्यांना वेगळं सांगायला नको. शेकोटी पेटलेली असते. रोज पहाटेची प्रार्थना आणि रात्री उशिरापर्यंत गप्पा, त्यामुळे मुलांची झोप पार उडालेली. उद्या सगळे आपापल्या घरी जाणार म्हणून आधीच गळा दाटलेला. गिटारवाला दादा तेच दोन कॉर्ड हळूहळू वाजवत राहतो आणि वक्ते आवाज खाली आणून म्हणतात, "सगळ्यांनी डोळे मिटा, कोणीही इकडेतिकडे बघू नका. ज्याला आज आपलं जीवन प्रभूला द्यायचंय, त्यानं हात वर करावा." मग शांतता. मग "अजून कोणीतरी आहे, मला जाणवतंय." एक मुलगी रडायला लागते, तिला बघून शेजारची, मग अख्खी रांग. अशा वेळी हात वर न करणाऱ्या मुलाला काय वाटत असेल? आपण एकटेच देवाला नको आहोत, असंच वाटतं. आणि दरवर्षी हात वर करणारी मुलंही मी पाहिलीत. 'मागच्या वर्षीचं खरं नव्हतं का?' ही शंका घेऊन ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतात. दहा-बारा वर्षांच्या लेकरावर हे ओझं टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे असंच चालत आलंय, असं बैठकीत हमखास ऐकायला मिळतं. पण कुठून चालत आलंय? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात केन रिज इथे १८०१ च्या ऑगस्टमध्ये हजारो माणसं गाड्या-तंबू घेऊन जमली आणि दिवसचे दिवस उपदेश, गाणी, रडणं, कोसळणं चाललं. अशा तंबू-सभांची तिकडे लाटच आली. पुढे १८३० च्या दशकात चार्ल्स फिनी या उपदेशकानं निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना पुढच्या बाकावर बोलावण्याची पद्धत लोकप्रिय केली. म्हणजे 'पुढे या, हात वर करा' हा प्रकार दोनेकशे वर्षांचा. त्यातही डोळ्यांसमोर होती ती प्रामुख्यानं मोठी माणसं. त्या काळातही सगळ्यांना ते पटलं नव्हतं. होरेस बुशनेल नावाच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, १८४७ मध्ये मांडलं की ख्रिस्ती घरातल्या मुलानं ख्रिस्ती म्हणूनच वाढावं, आपण कधी देवाबाहेर होतो असं त्याला वाटायलाच नको. तेव्हा त्यांच्यावर कडाडून टीका झाली. मला मात्र वर्षानुवर्षं मुलांबरोबर राहून त्यांचंच म्हणणं खरं वाटतं.

मंडळीचं पहिलं शिबिर म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते बघा. १८८० मध्ये कनेटिकटमधले पाळक जॉर्ज हिंकली आपल्या मंडळीतली मोजकी मुलं घेऊन ऱ्होड आयलंडला गेले. सकाळी धर्मशिक्षण, दुपारी पोहणं आणि खेळ, संध्याकाळी गाणी-गप्पा. लहान गट, आणि ज्यांना मुलं रोज ओळखतात तेच पाळक बरोबर. शिबिराचं मूळ शोधायचंच असेल तर मी केन रिजला न जाता इथे जाईन.

माझ्या आयुष्यात जे टिकलं तेही शेकोटीपाशी मिळालेलं नाही. एका वर्षी आमच्या गटाकडे भांडी घासायची पाळी होती. पातेली इतकी मोठी की घासायला अर्धं अंग आत घालावं लागे. माझ्याबरोबर गटाची ताई होती, कॉलेजात शिकणारी. आजोबा काही महिन्यांपूर्वीच गेले होते आणि कोणालाच न विचारलेला प्रश्न मी तिला विचारला: आम्ही सगळ्यांनी एवढी प्रार्थना केली, तरी ते का गेले? दिवसभर वक्त्यांकडून मिळत होती तसली उत्तरं तिलाही पाठ असणार. तिनं त्यातलं एकही दिलं नाही. हात साबणाचे होते, कोपरानं केस मागे सारले आणि म्हणाली, "मला नाही माहीत गं. माझी आई गेली तेव्हा मी पण हेच विचारलं. अजून विचारते." मग आम्ही दोघींनी ते पातेलं उलटं केलं आणि पुढचं ओढलं. त्या दिवसापासून देवाला प्रश्न विचारण्याची मला भीती वाटली नाही. पुढे घरात फार वाईट दिवस आले तेव्हा माझा विश्वास टिकला तो यामुळे. हे कोणत्या आकड्यात धरणार?

बायबलमधली अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवतो. क्रूसावर मरून पुन्हा उठलेला प्रभू येशू वाटेनं जाणाऱ्या आपल्या दोन शिष्यांबरोबर चालतो, ते त्याला ओळखत नाहीत, तो तुम्ही काय बोलताय म्हणून विचारतो, त्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतो. ते त्याला ओळखतात ते जेवायला बसल्यावर, आणि तोवर दिवस कलून गेलेला असतो. घाई त्याला नव्हती.

शिबिरातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल मी कृतज्ञ आहे. तिथे पाठ केलेली वचनं आजही दवाखान्याच्या बाकड्यावर बसले की आपोआप ओठांवर येतात. चार आवाजांत गायला मी तिथेच शिकले. बंगल्यातली आणि एका खोलीत राहणारी मुलं एकाच सतरंजीवर झोपायची, आणि कोण कुठलं हे दोन दिवसांत कोणाच्या लक्षातही राहायचं नाही. एवढी सरमिसळ रविवारच्या उपासनेतही होत नाही. बायबल क्विझबद्दल काही बोलत नाही. आवडणाऱ्यांना आवडते.

आता जरा जड विषय, पण शिबिरांबद्दल लिहायचं आणि हा टाळायचा हे मला जमणार नाही. इंग्लंडमध्ये जॉन स्मिथ नावाचा नामांकित वकील ख्रिस्ती शिबिरांच्या संस्थेत मोठ्या पदावर होता. शिबिरांत ओळख झालेल्या मुलांना आणि तरुणांना त्यानं 'पापाची शिक्षा' म्हणून अमानुष मारहाण केली. १९८२ मध्ये याचा अंतर्गत अहवाल तयार झाला होता, तरी तो पोलिसांकडे न जाता दडपला गेला. स्मिथ झिंबाब्वेला गेला, तिथेही शिबिरं घेऊ लागला, आणि १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात सोळा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. या सगळ्याचा स्वतंत्र चौकशी अहवाल यायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं. प्रकरण कळूनही पुरेसा पाठपुरावा न केल्याबद्दल त्यानंतर काही दिवसांतच कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला.

हे इथे लिहिण्याचं कारण आहे. 'मोठ्यांना प्रश्न विचारायचा नाही, देवाचा माणूस सांगतोय तर डोळे मिटून हात वर करायचा' ही सवय आपणच मुलांना लावतो. 'नाही' म्हणायला मुभा नसलेलं मूल वाईट माणसालाही 'नाही' म्हणू शकत नाही. त्यामुळे कोणाही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटं बसायचं नाही, अगदी प्रार्थनेसाठीही नाही, हा नियम प्रत्येक शिबिरात हवा. पाळकसाहेबांनाही तो लागू हवा. यात कोणाचा अपमान नाही. मुलाला घरी फोन करावासा वाटला तर कारण न विचारता करू द्यावा.

आमच्या मंडळीची शिबिराची बैठक लवकरच आहे आणि मी तिथे हेच मांडणार आहे. शेवटच्या रात्री फक्त गाणी आणि उपकारस्तुती, आवाहन नको. ज्या मुलाला निर्णयाबद्दल बोलायचंय त्यानं घरी गेल्यावर, झोप पूर्ण झाल्यावर, आईवडिलांशी किंवा आपल्या गटाच्या ताई-दादाशी बोलावं. प्रत्येक गटाच्या ताई-दादानं आपल्या मुलांना वर्षभर भेटत राहावं. त्यासाठी गट लहान करावे लागतील आणि मुलं कमी घ्यावी लागतील, हे मला कळतं. अहवालात आकड्याची जागा रिकामी राहिली तर वरच्या कमिटीला काय सांगायचं, हा प्रश्नही येईल. मुलांनी काय काय विचारलं ते तिथे लिहू या, मुलांची नावं न घालता. ती यादी कमिटीनं एकदा शांतपणे वाचावी आणि पुढच्या शिबिराचे विषय त्यातूनच ठरवावेत.