स्पेनमधले अर्ज आणि आपलं मधलं नाव
स्पेनमधल्या दवाखान्यात आपल्या मराठी माणसांचा त्यांच्या वडिलांच्याच नावाने पुकारा होतो, असं एका लेखात आलंय. त्याचं मूळ अर्जात आहे. तिथे माणसाला आडनावं दोन: पहिलं सहसा वडिलांचं, दुसरं आईचं (1999च्या कायद्यापासून क्रम उलटाही चालतो). म्हणून अर्जात रकाने तीन: नोम्ब्रे (नाव), प्रिमेर आपेयीदो (पहिलं आडनाव), सेगुंदो आपेयीदो (दुसरं आडनाव). आपली माणसं सवयीने तीन शब्द तीन रकान्यांत भरतात. मग 'सचिन विष्णू जोशी'चं मुख्य आडनाव 'विष्णू' ठरतं, यादीत तो 'व'खाली जातो आणि त्या अर्जावरून मिळालेल्या कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. हे नंतर निस्तरणं फार जिकिरीचं, त्यामुळे पहिल्याच अर्जाला जपा. पासपोर्ट समोर ठेवून 'गिव्हन नेम'मधलं सगळं, वडिलांच्या नावासकट, नोम्ब्रेत लिहा. आडनाव पहिल्या आपेयीदोत. तिसरा रकाना कोरा.

आणि कान तयार ठेवा! स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार घशातला 'ख', 'एच' मुका, 'व्ही' म्हणजे 'ब'. जोशींना बहुधा 'खोसी' ऐकू येईल, जाधवांना 'खादाब', हर्डीकरांना 'अर्दीकर'.