घरगुती फ्लॅश, कीटकांचे डोळे आणि फ्रीजचा सल्ला : एक प्रतिवाद

पावसाळा लागला की गोव्यातील निसर्गछायाचित्रकारांच्या मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्यातील दावे थोडक्यात असे : डबे, टिश्यू आणि थर्मोकोल जोडून केलेल्या डिफ्युझरला (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्याला) विकतच्या उपकरणाची सर येत नाही, अशा जुळणीने कॅमेरा जळतो, फ्लॅशच्या लखलखाटाने कीटक आंधळे होतात, काळ्या पार्श्वभूमीचे चित्र म्हणजे संगणकावरची लबाडी, आणि खरे निसर्गचित्र नैसर्गिक प्रकाशातच निघते, म्हणून कीटक पकडून दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा आणि मग खिडकीपाशी त्याचे छायाचित्र घ्यावे. मजकूर लिहिणाऱ्याला कीटकांविषयी कळवळा आहे हे मान्य करून, आणि शेवटच्या सल्ल्यापर्यंत येताना तो कळवळा कुठे गेला हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून, एकेक दावा तपासू.

पहिला दावा किमतीचा आहे आणि बहुतेकांना तोच पटतो. प्रकाश मऊ पडणार की कडक, हे कीटकाच्या जागेवरून पाहता तो किती मोठ्या पृष्ठभागावरून येतो यावर ठरते. सूर्य कितीही प्रचंड असला तरी पृथ्वीवरून तो आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो, आणि म्हणूनच दुपारच्या उन्हातील सावलीच्या कडा धारदार असतात. १५ सेंटीमीटर रुंदीचा पांढरा पडदा कीटकापासून १० सेंटीमीटरवर धरला तर तो ७० अंशांहून अधिक कोन व्यापतो. तोच पडदा अर्ध्या मीटरवर नेला की हा कोन १७ अंशांवर येतो आणि सावल्या पुन्हा कडक होतात. या हिशेबात पडद्याच्या किमतीला कुठेच जागा नाही. विकतचा डिफ्युझर फ्लॅशवर चढवून तो लेन्सच्या खूप मागे राहू दिला, तर दुधी प्लॅस्टिकची फाईल कापून लेन्सच्या टोकाशी वाकवून बसवलेला घरगुती पडदा त्याहून चांगला प्रकाश देतो.

मात्र घरगुती जुळणीत एक चूक सर्रास होते, आणि मजकुराला बळ मिळते ते बहुधा तिच्यामुळे. फ्लॅशच्या तोंडावरच टिश्यू चिकटवला तर प्रकाशाचा उगम फ्लॅशच्या तोंडाएवढाच राहतो; प्रकाश कमी होतो, मऊ होत नाही. प्रकाशाला पसरायला जागा द्यावी लागते. त्यासाठी वेफर्सचा नळकांड्यासारखा डबा आतून चकचकीत असल्यामुळे उपयोगी पडतो, कारण तो प्रकाश पुढे लेन्सच्या टोकापर्यंत आणून सोडतो. डब्याच्या तोंडाशी पहिला पातळ थर आणि त्यापुढे तीन-चार बोटांचे अंतर ठेवून दुसरा मोठा थर, अशी दुहेरी रचना केली की प्रकाश दुसऱ्या थरावर बराचसा समान पसरतो.

तो समान पसरला की नाही, हे पाहण्यासाठी रानात जाण्याचीही गरज नाही. सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा काळ्या कापडावर ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि ते संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहावे. छर्रा आरशासारखा असल्याने त्यात अख्खा डिफ्युझर उमटतो. मधोमध जळका पांढरा ठिपका आणि भोवती करडी कड दिसली तर दोन थरांमधले अंतर वाढवायचे. डबा आणि पडदा यांच्या मधल्या फटीतून प्रकाश निसटत असेल तर तीही छर्र्यात स्वच्छ दिसते. ही परीक्षा उत्तीर्ण झालेली जुळणी मग रताळ्याच्या वेलीवरच्या सोनेरी कासव-भुंगेऱ्यावर आजमावून पाहावी. याची पाठ म्हणजे जिवंत छर्राच. उघड्या फ्लॅशने तिच्यावर एक पांढरा चौकोन उमटतो आणि बाकी सगळे तपकिरी दिसते. मोठ्या, जवळच्या पडद्याने मात्र सोन्याची झाक पाठभर पसरते आणि पाठीची पारदर्शक किनारही सुटी दिसते. भुंगेरा मेल्यावर ही झाक उरत नाही, त्यामुळे संग्रहातल्या वाळलेल्या नमुन्यात ती शोधून मिळत नाही. ज्याला ती टिपायची आहे त्याला जिवंत कीटक आणि चांगला प्रकाश, दोन्ही एकाच वेळी लागतात.

विकतच्या वस्तूंच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. जुलैत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील कुळागरांत (सुपारीच्या बागांत) टिश्यू पेपर अर्ध्या तासात लगदा होतो, तेव्हा इथे टिश्यूऐवजी दुधी प्लॅस्टिक किंवा नव्या उपकरणांच्या खोक्यात येते ती पातळ पांढरी फोमची चादर वापरलेली बरी. बटर पेपर रंगाला पिवळसर झाक देतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच जुळणीने पांढऱ्या कार्डाचे एक छायाचित्र घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्याची जुळवणी) ठरवणे. टिकाऊपणा आणि सुटसुटीतपणा यांसाठी पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजावेत. ते प्रकाशाच्या प्रतीसाठी मोजले जातात, एवढा समज तेवढा सोडावा.

कॅमेरा जळण्याच्या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. कागद, डबा आणि रबरबँड यांचा कॅमेऱ्याच्या विजेशी काहीच संबंध येत नाही, त्यामुळे डिफ्युझरने कॅमेरा जळू शकत नाही. जुन्या बाजारातून आणलेला कित्येक दशकांपूर्वीचा फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवणे ही मात्र वेगळी बाब आहे. अशा काही फ्लॅशच्या ट्रिगरच्या टोकांवर (कॅमेऱ्याकडून फ्लॅश उडवण्याचा इशारा घेणाऱ्या जोडावर) २०० व्होल्टांहून अधिक दाब असतो; आजच्या काही कॅमेऱ्यांना २५० व्होल्ट चालतात, पण सगळ्यांना नाही, आणि आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा २४ व्होल्टांची आहे. फ्लॅश चालू करून मल्टिमीटरने हा दाब मोजावा, जास्त भरला तर तो फ्लॅश कॅमेऱ्याला थेट न जोडता बिनतारी ट्रिगरच्या किंवा प्रकाशाने चालणाऱ्या स्लेव्हच्या (दुसऱ्या फ्लॅशचा लखलखाट ओळखून हा फ्लॅश उडवणाऱ्या जोडणीच्या) साहाय्याने उडवावा, आणि तेव्हाही त्या ट्रिगरला किंवा स्लेव्हला तेवढा दाब सोसतो का ते आधी पाहावे. फ्लॅश स्वतः उघडण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये : आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

आता डोळ्यांचा प्रश्न. तो गंभीर असल्याने त्याचे उत्तर भावनेने न देता हिशेबाने द्यावे. समजा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) २०० आणि अ‍ॅपर्चर एफ/११ (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) ठेवून कीटक सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच मोठा टिपला. या अंतरावर लेन्स पुढे सरकल्यामुळे प्रकाश दोन स्टॉपने, म्हणजे एक-चतुर्थांशापर्यंत, घटतो आणि एफ/११ चे प्रत्यक्षात एफ/२२ होते. भर उन्हात आयएसओ २०० ला एफ/१६ वर १/२०० सेकंद लागतो हा जुना ठोकताळा धरला, तर एफ/२२ वर तेच काम १/१०० सेकंदात होईल. म्हणजे एका अचूक उडालेल्या फ्लॅशमधून कीटकावर पडणारा एकूण प्रकाश हा त्याच्यावर १/१०० सेकंद पडणाऱ्या उन्हाएवढा असतो. दिवसभर पापणीविना उन्हात वावरणाऱ्या चतुराला किंवा माशीला एवढ्याने अंधत्व येते असे म्हणायचे तर उन्हाने ते केव्हाच यायला हवे होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे : तो प्रकाश क्षणार्धात एकवटून येतो, त्यामुळे त्या क्षणीची तीव्रता उन्हाहून कितीतरी अधिक असते. हे खरे आहे; १/३२ ताकदीवर सामान्य फ्लॅशचा स्फोट सुमारे १/१०,००० सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. पण काही माश्या सेकंदाला २०० हून अधिक लुकलुकी वेगळ्या ओळखू शकत असल्या, तरी त्या चपळ डोळ्यासाठीही हा काळ फारच छोटा आहे. डोळ्यातील पेशी काही मिलिसेकंदांत आलेला प्रकाश एकत्रच मोजतात, म्हणून इथे एकूण मात्रा महत्त्वाची ठरते. फ्लॅश उडताच कीटक दचकला असे अनेकदा वाटते ते वेगळ्या कारणांनी : जवळ आलेला मोठा पांढरा पडदा, अंगावर पडलेली सावली, फांदीला लागलेला धक्का. काजूवर पाने शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांवर नुसता श्वास सोडून पाहावा, फ्लॅशविना किती खळबळ उडते ते कळेल.

रात्रीची गोष्ट निराळी. अंधाराला सरावलेल्या पतंगाच्या डोळ्यातील रंगद्रव्याला उजेडानंतर पूर्ववत व्हायला कित्येक मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ त्याला नीट दिसत नसेल तर तो पालीच्या किंवा वटवाघळाच्या तोंडी सहज जाऊ शकतो. म्हणून रात्री मोजकी चित्रे घ्यावीत, आणि कात टाकणाऱ्या किंवा अंडी घालणाऱ्या कीटकाला दिवसाही सोडून द्यावे. मजकुराने एवढेच म्हटले असते तर वाद उरला नसता.

काळ्या पार्श्वभूमीचे कोडे तर एका ओळीत सुटते. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पडदा कीटकापासून १० सेंटीमीटरवर आणि मागची झुडपे मीटरभर दूर असली, तर झुडपांवर कीटकाच्या सुमारे शंभरांश प्रकाश पडतो आणि चित्रात ती काळी येतात. त्यात संगणकाचा हात नसतो. ज्याला काळेपणा नको असेल त्याने मागे एखादे पान येईल असा कोन निवडावा, किंवा शटर मंद करून आणि आयएसओ वाढवून मागच्या नैसर्गिक प्रकाशालाही चित्रात यायला वाव द्यावा. मला स्वतःला दिवसाढवळ्या काळी पार्श्वभूमी फारशी रुचत नाही, पण ही आवडनिवड झाली. तिला लबाडी म्हणणे हा आरोप झाला.

नैसर्गिक प्रकाशाचा आग्रह मोकळ्या सड्यावर (उघड्या कातळी पठारावर), ढगाळ सकाळी आणि फुलपाखराएवढ्या विषयासाठी ठीक आहे. प्रत्यक्षाएवढ्या आकारात टिपताना मात्र एफ/११ वरही मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याला स्पष्टतेची खोली (चित्रात पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा) १.३ मिलिमीटरच्या आसपास मिळते, म्हणजे अ‍ॅपर्चर मोठे उघडून प्रकाश मिळवण्याची सोय राहत नाही. पावसाळ्यात दाट झाडीखाली आयएसओ १६०० करूनही तिथे शटर १/८ सेकंदापर्यंत उतरू शकते, आणि तेवढ्या वेळात मुंगी चौकटीबाहेर गेलेली असते.

या अडचणीवर मजकुराने काढलेला उपाय म्हणजे फ्रीज. कीटकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर चालते. फ्रीजमधील ४ अंशांच्या थंडीत त्याच्या चेतापेशींतील आणि स्नायूंतील क्षारांचा तोल ढळतो आणि तो निपचित पडतो. ही झोप नव्हे. उष्ण प्रदेशातील अनेक कीटकांना गोठणबिंदूच्या वरची थंडीही कायमची इजा करते, आणि गोव्याच्या किनारपट्टीवरच्या कीटकाला इथल्या थंडीच्या दिवसांतही असा गारठा कधी सोसावा लागत नाही. शिवाय बाहेर काढताच दमट हवेतले पाणी त्याच्या अंगावर थेंबांनी जमते, पाय आखडलेले आणि शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लोंबलेल्या राहतात, आणि जाणकाराला अशा चित्राची जात लगेच कळते. मोले, बोंडला, खोतीगाव, म्हादई किंवा नेत्रावळी यांसारख्या अभयारण्यांतून परवानगीविना कीटक उचलून आणणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. तिथे छायाचित्रणासाठीदेखील वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो.

कीटक स्थिर हवा असेल तर पहाट गाठावी. रात्री गवताच्या काड्यांवर विसावलेले चतुर आणि फुलपाखरे ऊन अंगावर येऊन उड्डाणाचे स्नायू तापेपर्यंत जागची हलत नाहीत. त्या वेळी प्रकाश अगदीच थोडा असतो, आणि डब्याचा फ्लॅश नेमका तिथे कामाला येतो.