‘टी’ला बोलावलं तर उपाशीपोटी जा

विलायतेला निघालाच आहात, तर बॅगेत कोंबलेली मेतकुटाची पुडी तशीच राहू द्या, लागेल. पण तिथल्या घरांत जेवायचं कसं, ते माझ्याकडून ऐकून जा. मी लीड्समध्ये एका बाईंच्या घरी भाड्यानं राहतो आणि करण्यासारख्या सगळ्या चुका माझ्या करून झाल्या आहेत.

पहिलं म्हणजे, नावावर जाऊ नका. ‘उद्या टीला खाली ये,’ असं घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. साडेपाचची वेळ, म्हणजे चहा आणि फार तर एखादं बिस्किट, असा हिशेब करून मी पोटभर वरणभात जेवून खाली उतरलो. समोर दोन सॉसेजेस, कुस्करलेल्या बटाट्याचा डोंगर, वाटाणे आणि वरून तपकिरी ग्रेव्ही. चहाचा पत्ता नाही. यॉर्कशरकडे ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि ‘डिनर’ बऱ्याच घरांत दुपारीच उरकलेलं असतं. दक्षिणेत गेलात की सगळं पुन्हा उलटं. तेव्हा कुणीही, कशालाही बोलावलं तरी अर्धपोटीच जावं.

पुडिंग म्हणजे गोड, असं समजत असाल तर तेही विसरा. यॉर्कशर पुडिंग म्हणजे अंडं-दूध-मैद्याचं, मधे खळगा पडलेलं फुगीर प्रकरण. रविवारी भाजलेल्या बीफच्या शेजारी बसतं आणि खळग्यात ग्रेव्ही ओतून घेतं. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं. ‘टोड इन द होल’मध्ये बेडूक नसतो, सॉसेज असतं. नाताळातल्या मिन्स पायमध्ये खिमा नसून बेदाणे-मनुका असतात, म्हणून शाकाहारी मंडळी निर्धास्त होऊन उचलतात. जुन्या पद्धतीच्या सारणात बैलाची चरबी पडते, हे त्यांना तिसरा पाय संपल्यावर सांगावं.

डब्यातले बीन्स टोस्टवर ओतले की त्याला जेवण म्हणतात, हे पाहून हसू नका. हेच बीन्स १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये, अमेरिकेहून आलेली चैनीची चीज म्हणून विकले गेले होते. आणि मुख्य म्हणजे त्यांना सुधारायला जाऊ नका. मी गेलो. तेल तापवलं, मोहरी टाकली, हिंग आणि कढीपत्ता पडला मात्र, छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. बाई भर थंडीत सगळ्या खिडक्या उघडून अलार्मखाली टॉवेल हलवत उभ्या राहिल्या. आवाज थांबल्यावर कढईत डोकावून म्हणाल्या, ‘इंटरेस्टिंग!’ मी आठवडाभर खुशीत होतो. त्या शब्दाचा अर्थ कळायला पुढचे सहा महिने गेले.

ऑफिसात दुपारी त्रिकोणी डबीतलं गारढोण सँडविच, वेफर्सचं पाकीट आणि एक बाटली, अशी तिघांची युती असते. तिला मील डील म्हणतात. ती स्क्रीनकडे बघत, कुणाशीही न बोलता संपवायची. मायक्रोवेव्हमध्ये बोंबील गरम करणाऱ्याला तिथे कुणी एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर ‘सर्वांना नम्र विनंती’चा कागद चिकटलेला असतो, एवढंच. पुणेकरांना अगदी घरच्यासारखं वाटेल.

आपली खिचडी त्यांनी नेली, तिच्यातली डाळ काढली, धुरावलेला हॅडॉक मासा, उकडलेली अंडी आणि करी पावडर घातली आणि नाव ठेवलं केजरी. ‘तुमच्याकडे असतं का हो असं काही?’ असं विचारतील. नाही म्हणा. आजीच्या आत्म्याला तेवढीच शांती.

चहाची मात्र थट्टा नको. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पेनल्टीवर पश्चिम जर्मनीकडून हरलं आणि अख्खा देश सोफ्यावरून उठून किटली लावायला गेला. विजेची मागणी एका झटक्यात २८०० मेगावॅटनं चढली. आपल्या कोयनेचे सगळे संच मिळून १९६० मेगावॅट. म्हणजे ते दुःख कोयनेला एकटीला झेपलं नसतं.

आता चहाबरोबरच्या बिस्किटाचं, आणि हे नीट ऐका. आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे हो, दुसरं ‘नको’ म्हणजे आग्रह करा, आणि तिसऱ्याला ताटात पडतंच. तिकडे ‘नको’ म्हणजे नको. गेल्या वर्षी आई साताऱ्याहून आली तेव्हा बाईंनी मुद्दाम चॉकलेट लावलेल्या बिस्किटांचं नवं पाकीट फोडलं आणि तिच्यापुढे धरलं. आई रीतीप्रमाणे ‘नो, नो’ म्हणाली आणि दुसऱ्या आग्रहासाठी हसून, मान जराशी कलती करून थांबली. बाईंनी पाकिटाचं तोंड दुमडलं, त्याला क्लिप लावली आणि ते डब्यात ठेवून झाकण दाबलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मला काही बोलता येत नव्हतं. पाकीट आधी माझ्याकडे फिरलं होतं, आणि माझ्या तोंडात दुसरं बिस्किट होतं.