वाळू, उंट आणि भुजिया? बिकानेरबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. सारांश असा: बिकानेर म्हणजे वाळू, उंट, महाल आणि भुजिया. पाऊस नाही म्हणून शेती नाही, शेती नाही म्हणून कारखाने नाहीत, पर्यटक आले तरच तिथे चूल पेटते. आता सौरऊर्जा आली आहे, तीच या शहराला तारेल. सोबत भडला सोलर पार्कचा विमानातून काढलेला फोटो.

आधी फोटोचंच बघू. 2,245 मेगावॉटचं भडला सोलर पार्क फलोदीच्या बाजूला आहे, बिकानेर जिल्ह्यात नाही. मजकूर लिहिणाऱ्याने नकाशासुद्धा उघडलेला नाही.

"पाऊस नाही म्हणून शेती नाही"

तुमच्या मिसळीतली मटकी कुठून येते, हे किराणा दुकानदाराला एकदा विचारा. देशातली बहुतेक मटकी राजस्थानात पिकते आणि बिकानेर त्याच पट्ट्यात आहे. तिकडे तिला मोठ म्हणतात. इथे वर्षाला साधारण 250 ते 300 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तेवढा पाऊस म्हणजे दुष्काळ जाहीर करायची वेळ, पण मटकीचं तेवढ्यावर भागतं. तिचा वेल जमिनीवर चटईसारखा पसरतो, ओल धरून ठेवतो, वाळू उडू देत नाही. उलट पाऊस जास्त झाला तर पीक बिघडतं. म्हणजे "पाऊस कमी असूनही" पिकतं असं नाही, कमी पावसाचंच ते पीक आहे. गवारीचंही तसंच. तिच्या बियांचा गोंद तेलविहिरींच्या कामात लागतो. अमेरिकेत शेल तेलाची (खडक फोडून काढलेल्या तेलाची) लाट आली तेव्हा गवारीचे भाव इतके भडकले की मार्च 2012 मध्ये तिचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद करावे लागले.

पाण्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे फॉरवर्डपेक्षा, गंग कालव्याने बिकानेरची तहान भागली असं सांगणाऱ्या अभिमानी बिकानेरी माणसाशीच माझं जास्त भांडण आहे. 1899-1900 चा छप्पनिया दुष्काळ बिकानेर संस्थानाचे महाराजा गंगासिंह यांनी तरुणपणी पाहिला आणि 1927 मध्ये सतलजचं पाणी कालव्याने संस्थानात आणलं. काम मोठंच होतं. पण त्या गंग कालव्याने भिजली ती संस्थानाच्या उत्तर टोकाची, आजच्या श्रीगंगानगरची जमीन. बिकानेर शहराला हिमालयाचं पाणी मिळालं ते पुढे, राजस्थान कालव्यामुळे. ती कल्पना संस्थानाचे अभियंता कंवर सेन यांनी 1948 मध्ये मांडली. पायाभरणी 1958 मध्ये झाली आणि नंतर कालव्याला इंदिरा गांधींचं नाव मिळालं. मुख्य कालव्यापेक्षा उंचावर असलेल्या या भागाकडे पाणी पंपांनी चढवावं लागतं. त्या उपसा कालव्याला आज कंवर सेन यांचंच नाव आहे.

भुईमुगाच्या बाबतीत तर फॉरवर्ड साफ तोंडावर आपटतो. राजस्थानात भुईमूग पिकवणाऱ्या आघाडीच्या जिल्ह्यांत बिकानेर आहे. हंगामात मंडीत शेंगांचे ढीग लागतात. मात्र यातला बराच भुईमूग कूपनलिकांवर पिकतो आणि भूजल खाली चाललं आहे. टीका करायची तर या मुद्द्यावर करा, "शेतीच नाही" म्हणून नको.

"शेती नाही म्हणून कारखाने नाहीत"

भुजिया हे काय आहे मग? मटकीचं पीठ, थोडं बेसन, मसाला आणि तेल. महाराजा डूंगरसिंहांच्या काळात, 1877 च्या सुमारास ती पहिल्यांदा बनली असं बिकानेरवाले सांगतात. 2010 मध्ये "बिकानेरी भुजिया"ला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या बेसनाच्या शेवेत आणि हिच्यात फरक पडतो तो मटकीने. (मी शेवेचा माणूस, पण हे कबूल करतो.) पापडाची कथाही याच मातीतली. तिथला पापडखार, म्हणजे साजी, पूर्वापार खारट जमिनीतल्या झुडपांच्या राखेपासून होतो आणि पापड वाळवायला कोरडी हवा फुकट मिळते. नागपूरकरांना तर हे सांगायचीही गरज नाही. हल्दीराम हे नाव बिकानेरच्या एका छोट्या दुकानातून निघालं आणि त्याच घराण्याची एक पाती नागपुरात रुजली.

लोकरीबद्दल मात्र मी हात राखून बोलेन. "आशियातली सर्वांत मोठी लोकर मंडी" ही बिरुदावली बिकानेरला सगळीकडे चिकटलेली असते. ती मी जपून वाचतो, कारण असली बिरुदं एकदा लागली की कोणी पुन्हा मोजत नाही. खरं इतकं आहे की मगरा, चोकला, नाली या इथल्या मेंढ्यांची जाडसर लोकर गालिच्याला उत्तम. मगराच्या लोकरीला तर अंगचीच चमक असते. शहरात या लोकरीचं सूत कातणाऱ्या गिरण्या आहेत आणि ते सूत उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरला जातं. गालिचा तिकडे विणला जातो, त्यामुळे नावही तिकडचंच होतं. शिवाय आता बाहेरची लोकर आणि कृत्रिम धागा यांनी या धंद्याला दमवलं आहे.

जमिनीखाली काय आहे याचा तर फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. बिकानेरजवळच्या जामसरचं जिप्सम घ्या. उथळ पाणी आटत गेलं की मागे जिप्सम उरतं, म्हणजे ही थेट कोरडेपणाचीच देणगी. फाळणीनंतर सिंदरीच्या (आजच्या झारखंडमधल्या) सरकारी खत कारखान्याला हे जिप्सम जाऊ लागलं आणि त्याची गरज एवढी होती की जामसरचं रेल्वे स्टेशनच आड आलं. स्टेशन आणि रुळांच्या खाली चांगलं जिप्सम होतं. मग खर्च वाटून घेऊन स्टेशन हलवलं गेलं. खाण कंपनीने आपल्या वाट्याचे 3 लाख रुपये भरले आणि हा खर्च आयकरात वजा होतो की नाही यावर वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनी जिंकली. ज्या गावात "काही नाही", तिथे खालच्या खनिजासाठी आख्खं स्टेशन उचललं होतं.

जिल्ह्यातल्या कोलायतकडची चिनीमाती ट्रक भरभरून गुजरातेत, टाइलच्या कारखान्यांच्या मोरबीला जाते. आपल्या बाथरूमच्या टाइलमध्ये तिचा अंश असण्याची बरीच शक्यता आहे. टाइलचे कारखाने बिकानेरला का नाहीत? माती मोरबीपेक्षा कमी म्हणून नव्हे. मोरबीला भट्ट्यांसाठी नैसर्गिक वायूची नळवाहिनी मिळाली आणि बंदरं जवळ पडली. मातीच्या धंद्यात माती हा स्वस्त भाग असतो, महाग असतं ते इंधन. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसाही आहे. पलानात ते विहीर खणताना सापडलं होतं, तेही एकोणिसाव्या शतकात. आज बरसिंगसरला तमिळनाडूतल्या नेयवेलीची सरकारी कंपनी खाण आणि 250 मेगावॉटचं वीज केंद्र चालवते.

तेव्हा कारखाने नाहीत हे म्हणणं चूक. खरी अडचण अशी की बिकानेर कच्चा किंवा अर्धा कच्चा माल पाठवतं आणि शेवटचा, नफ्याचा हात दुसरं गाव मारतं. भुजिया हा या नियमाला मोठा अपवाद, कारण तिच्यात शेतापासून पाकिटापर्यंत सगळं घरच्या घरी होतं.

"पर्यटक आले तरच चूल पेटते"

जुनागढ किल्ला देखणा आहे, देशनोकचं करणी मातेचं मंदिर गर्दी खेचतं. तरी हे पर्यटकांवर चालणारं जैसलमेर नव्हे. शहराच्या पगाराचा मोठा भाग सरकारी कचेऱ्यांतून येतो. रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, लालगढचा रेल्वे कारखाना, पीबीएम रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय, कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठं. राज्याचं शिक्षण संचालनालयही जयपूरला नसून बिकानेरला आहे. राजस्थानातल्या कुठल्याही सरकारी शिक्षकाला विचारा, बदलीचा विषय निघाला की तो बिकानेरचंच नाव घेईल.

आणि उंट? 2012 च्या पशुगणनेत देशात 4 लाख होते, 2019 मध्ये अडीच लाख. बिकानेरला उंटांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पण वाहतूक कधीच ट्रॅक्टर-ट्रककडे गेली.

"सौरऊर्जा तारेल"

जिल्ह्यात सोलर पार्क खरोखरच वाढताहेत: ऊन आहे, पडीक जमीन आहे. पण उभारणी चालू असते तोवर माणसं लागतात. पॅनल बसले की उरतात ते राखणदार, धूळ पुसणारे आणि मोजके तंत्रज्ञ. वीज उच्चदाब तारांवरून बाहेर जाते, जशी माती मोरबीला जाते. शिवाय "पडीक" म्हणजे रिकामी नव्हे. त्याच जमिनीत खेजडी उभी असते, राजस्थानचा राज्यवृक्ष. तिच्या शेंगा, म्हणजे सांगरी, माणसं खातात आणि पाला शेळ्या-उंट. पॅनलवर सावली नको म्हणून ती तोडली जाते आणि त्याविरुद्ध गावकऱ्यांनी, त्यातही बिश्नोई समाजाने, धरणं धरली आहेत. सौरऊर्जेला त्यांचा विरोध नाही. झाड ठेवून पॅनल बसवा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.