शंभरपर्यंत येतं हो, पण तीन चिंचोके देता येतात का?

पाहुणे आले की अडीच-तीन वर्षांच्या पोराला मध्ये उभं करायचं आणि 'काकांना वन टू हंड्रेड म्हणून दाखव बरं' म्हणायचं, हा कार्यक्रम हल्ली घरोघरी होतो. पोर धडाधड म्हणतं, टाळ्या पडतात. माझं मत विचाराल तर ते निव्वळ पाठांतर आहे, आरती पाठ व्हावी तसं. म्हणू दे की, छानच आहे. फक्त त्याला गणित म्हणू नका.

भाचीची लेक तीन वर्षांची. तिच्यापुढे पाच चिंचोके मांडले. एकेकावर बोट ठेवत तिने पाचपर्यंत बरोबर मोजले. 'मग किती आहेत गं?' तर बाई पुन्हा एकपासून सुरू! 'मला तीन दे' म्हटलं तर मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवले. भाचीचा चेहरा पडला. अगं, पण या वयात हे असंच असतं. मुलांना आधी 'एक' कळतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे बहुतेकांना साडेतीन-चारच्या सुमारास उमगतं. त्याआधी कितीही घोकून घ्या.

आणि गंमत म्हणजे बोलायला येण्याच्या कितीतरी आधी डोक्यात काहीतरी चालू असतंच. १९९२ साली कॅरन विन या संशोधिकेने पाच महिन्यांच्या बाळांना एक बाहुली दाखवली, पुढे पडदा धरला आणि त्यांच्यादेखत मागे दुसरी ठेवली. पडदा काढल्यावर एकच दिसली की बाळं जास्त वेळ टक लावून बघायची. म्हणजे हिशेब चुकलाय हे त्यांना खटकत असावं. सहा महिन्यांच्या बाळांना आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक कळतो. आठ आणि बारातला मात्र नाही. दुप्पट असेल तर कळतं, दीडपट असेल तर नाही. हे कुठल्या क्लासमध्ये शिकवलं होतं त्यांना?

म्हणून प्ले-ग्रुपातल्या मुलांना आकडे गिरवायला देणाऱ्या वह्या बघितल्या की माझं डोकं फिरतं. ज्या हाताला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही, त्याच्याकडून पानभर ४ काढून घ्यायचे!

त्यापेक्षा जेवायच्या वेळी ताटं मांडायला सांगा. माणसं पाच, ताटं चार, आता काय करायचं? लसूण सोलताना पाकळ्या वाटून घ्या. घरात सापशिडी असेल तर काढाच. एका ओळीत आकडे असलेल्या साध्या पटावर, दोन आठवड्यांत मिळून जेमतेम तासभर खेळूनही गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांची आकड्यांची समज सुधारली, असं अमेरिकेत सीगलर आणि रामाणी यांना २००८ साली दिसलं होतं. एक मात्र आहे, सोंगटी ज्या घरावर उभी आहे तेच घर पोरं 'एक' म्हणून मोजतात. दहा वेळा सांगा, अकराव्यांदा तेच. चिडायचं नाही, आणि त्यांचा डाव आपण खेळायचा नाही.