पोलाद थंडीत तुटतं, पण रचना बदलल्यामुळे नाही

“अतिथंडीत प्रत्येक धातूची स्फटिकरचना बदलते, म्हणून तो काचेसारखा फुटतो. नेपोलियनच्या सैनिकांची कथलाची बटणं याच कारणाने भुगा झाली, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकेची लिबर्टी मालवाहू जहाजंही अशीच दुभंगली.” हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो, आणि त्यात खरं-खोटं इतकं मिसळलंय की एकेक विधान सोडवून पाहायलाच हवं.

“प्रत्येक धातूची रचना बदलते.” साफ चूक. तांबं, ॲल्युमिनियम, निकेल कितीही गार करा, अणूंची मांडणी तीच राहते. लोखंडाचंही तसंच. ९१२ अंश सेल्सिअसखाली घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मधोमध एक अणू अशी मांडणी होते; नेहमीच्या दाबाखाली ती पुढे बदलत नाही.

“म्हणून तो फुटतो.” पोलाद थंडीत ठिसूळ होतं हे खरंच आहे, कारण मात्र वेगळं. धातू वाकतो तेव्हा अणूंचे अख्खे थर एकदम घसरत नाहीत; मांडणीतले रेषेसारखे दोष, म्हणजे डिसलोकेशन, पुढे सरकतात. लोखंडात त्यांना सरकायला अणूंच्या उष्णतेच्या थरथरीची मदत लागते. थंडीत ती आटते, वाकवायला जास्त जोर लागतो आणि एका टप्प्यावर वाकण्याआधीच धातू चिरतो. तांब्यात ही अडचण फारशी नाही, म्हणून ते द्रव नायट्रोजनमध्येही वाकतं. उलट लिथियम आणि सोडियमची रचना अतिथंडीत खरोखर बदलते, तरी ते काचेसारखे फुटत नाहीत!

जहाजांचं म्हणाल, तर दुभंगलेल्या जहाजाचा जो फोटो नेहमी दिसतो तो ‘स्केनेक्टडी’चा. ते लिबर्टी नव्हतंच, टी-२ जातीचं तेलवाहू होतं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्यालगत, शांत पाण्यात ते तुटलं. लिबर्टी जहाजांत भेगा बऱ्याचदा हॅचच्या, म्हणजे माल उतरवायच्या डेकवरच्या झरोक्याच्या, काटकोनी कोपऱ्यांपासून सुरू होत. पोलाद भेगेला बळी पडणारं, आणि कवच वेल्डिंगने अखंड जोडलेलं. भेग अडणार कुठे?

राहिलं कथील. त्याची रचना मात्र बदलते: १३.२ अंशांखाली पांढऱ्या कथलाचं करड्यात रूपांतर होऊ शकतं, आकारमान सुमारे २७ टक्क्यांनी फुगतं आणि भुगा पडतो. पण सुरुवात व्हायलाच कित्येकदा महिने जातात, आणि थोडं शिसं, अँटिमनी किंवा बिस्मथ मिसळलेलं असलं तर हे रूपांतर रोखलं जातं. नेपोलियनची मॉस्कोहून माघार सुरू झाली १९ ऑक्टोबर १८१२ ला. डिसेंबरात सैन्य रशियाबाहेर पडलं. तेवढ्यात बटणांचा भुगा झाल्याचा ठोस पुरावा कुणीही दाखवलेला नाही.